हवेला रंग लागत नाही

“गळ्यातलं सगळं काढा, आजोबा. एकूण एक.”

पांढरा कोट घातलेली ती पोरगी ट्रे पुढं धरून उभी होती. नसीम तिचं नाव, कोटावरच्या पट्टीवर लिहिलेलं. मी काढायला लागलो. सिद्धोबाचा चांदीचा टाक निघाला, काळ्या दोऱ्यातला ताईत निघाला, रुद्राक्षाची माळ निघाली. कानातली बाळी साठ वर्षांत निघाली नव्हती, ती साबण लावून निघाली.

“अजून काही?”

“कातडं ऱ्हायलंय. काढू?”

“कातडं असू दे. कवळी काढा.”

हे मात्र मला लागलं. दार सताड उघडं, आणि दारात आवटी मास्तर छत्री टेकवून उभे. माझ्या तोंडात एकही दात नाही हे गावाला माहीत नव्हतं. त्यांच्यापुढं मी कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली. मास्तरांनी चष्मा पुढं ओढून ती नीट बघितली.

“म्हणजे दातही खोटेच,” ते म्हणाले.

आता मी कोण आणि हे मास्तर कोण, ते सांगतो. मी गुंडाप्पा. आमच्या गावात सिद्धोबाचं देऊळ आहे, देवळाच्या वेशीवर नगारखाना आहे, आणि त्या नगारखान्यात चाळीस वर्षं मी सूर धरला. सनई वाजवायचा तो माझा चुलतभाऊ केरबा. लोक ऐकायचे त्याला. त्याच्या मागं दुसऱ्या सनईवर एकच स्वर न थांबता, न तुटता, पहाटेच्या चौघड्यापासून आरती संपेपर्यंत लावून धरायचा तो मी. सनईवाल्याला दम घ्यायला सवड मिळते, सूरवाल्याला नाही. नाकानं हवा आत आणि त्याच वेळी गालांतली हवा बाहेर, असं ते काम. एकदा चैत्रात मी सूर धरून बसलो असता गांधीलमाशीनं माझ्या सनईच्या तोंडावर घर बांधायला घेतलं, आणि ते घर बांधून त्यात तिची पिलं उडेस्तोवर मी दम तोडला नाही.

हे खोटं आहे. गावात मला थापाड्या म्हणतात ते उगाच नाही. पण चाळीस वर्षं ज्यानं एकच स्वर वाजवला त्याचे बाकीचे स्वर जाणार कुठं? ते मी बोलून काढले. कुणाचं काही बुडवलं नाही त्यात. तेव्हा माझ्या इतर गोष्टींतलं निम्मं सोडून द्या, माझी हरकत नाही. ही तेवढी पुरी घ्या. हिला वीस वर्षं झाली, आणि अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

तर त्या साली माझ्या गळ्यात डाव्या बाजूला एक गाठ यायला लागली. यायला लागली म्हणजे, नुसता बसलो की नसायची. सूर धरून घटकाभर झाली की जबड्याखाली काहीतरी फुगून वर यायचं, दम अर्धा तिकडंच पळायचा, आणि सूर फाटायचा. सनई खाली ठेवली की पाच मिनिटांत गाठ गायब. केरबाला दाखवली तर तो म्हणाला, फुंकणाऱ्याचा गळा फुगायचाच. तालुक्याच्या डॉक्टरानं दोन बोटांनी चाचपून क्रोसिन दिली.

आमच्या देवस्थानचा एक जुना रिवाज होता. सेवेकरी धडधाकट असेपर्यंत त्यानंच वाजवायचं. दुखण्यानं निकामी झाला तर त्याच्या घरातलं तो सांगेल ते माणूस बसवायचं. पण धडधाकट असून बसला नाही, किंवा न विचारता दुसऱ्या कुणाला बसवलं, तर त्या घराची जागा गेली. आणि जागा जावी म्हणून वाट बघत एक खोकं देवस्थानच्या कचेरीत येऊन पडलं होतं. कोल्हापूरहून आणलेलं विजेचं सूरयंत्र. बटण दाबलं की सूर सुरू. चहा मागत नाही, थापा मारत नाही.

मला माझी मुलगी मालन बसवायची होती. गावातच दिलेली, सकाळी दूध डेअरीवर माप घ्यायची. दम असा की माझ्यापेक्षा दुप्पट. कमिटीनं ऐकलं आणि सगळे हसले. गुंडाप्पाला दुखणं झालंय, तेही दिसत नाही असं दुखणं! कमिटीचे सेक्रेटरी हेच आवटी मास्तर. शाळेतनं रिटायर होऊन पाच वर्षं झालेली, पण गावाकडं अजून तिसरीच्या वर्गाकडं बघावं तसं बघायचे. ते म्हणाले, “गुंडाप्पा, मी रोज पहाटे पूजेला गाभाऱ्यात असतो. वरून येणारा तुझा सूर ऐकतो. लख्ख आहे. किंबहुना अलीकडे जास्तच लख्ख आहे. आजारी गळ्यातून असा सूर निघतो होय?”

ह्या बोलण्याला माझ्याकडं उत्तर होतं. पण ते देता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न बोलता घरी आलो.

शेवटी मिरजेच्या घशाच्या डॉक्टरानं चिठ्ठी दिली. गळ्याचा सीटी स्कॅन, शिरेत औषध सोडून घ्यायचा. मास्तर म्हणाले, “मी बरोबर येणार. रिपोर्ट माझ्या हातात मिळाला पाहिजे. तू मधे काय करशील सांगता येत नाही.” एसटीत मी, मालन आणि मास्तर. गुन्हेगाराला कोर्टात नेतात तसा मी मिरजेला आलो. रिपोर्टमध्ये गाठ निघाली तर मालन नगारखान्यात, नाही निघाली तर खोकं.

नसीमनं फॉर्म भरायला घेतला.

“कशाची ॲलर्जी आहे?”

“वांग्याची. आन् कमिटीची.”

“आजोबा, नीट सांगा. सुईतून औषध जाणार आहे. किडनीचा रिपोर्ट चांगला आहे तुमचा, पण दमा आहे? आधी कधी असं औषध घेऊन अंगावर पित्त उठलंय?”

“न्हाई.”

“सकाळपासून काही खाल्लंय?”

“देवाशपथ न्हाई.”

“अंगावर, तोंडात, काही धातू?”

“आता उरलंय काय? बघा की ट्रे.”

तिनं माझ्या कोपराच्या घडीत सुई टोचली, नळी लावली, मला त्या फळीवर उताणं निजवलं आणि कपाळावरून पट्टा ओढला. समोर ते भलंमोठं कडं. घाण्याचं तोंड जसं. “औषध गेलं की गरम वाटेल,” ती म्हणाली, “तोंडाला नाणं चाटल्यासारखी चव येईल. आणि, म्हणजे, लघवी झाल्यासारखं वाटेल. झालेली नसते. घाबरू नका.”

हे तिनं हळू सांगायला काय हरकत होती? दारातून मास्तर म्हणाले, “झालेली नसते हे कोण ठरवणार?”

“मास्तर,” मालन म्हणाली, “तुम्ही बाहेर बसा बरं.” आणि तिनं दार लावून घेतलं.

खोलीत मी एकटा. पलीकडं काचेच्या आड नसीम. आणि ते यंत्र बोलायला लागलं, तेही हिंदीत! मिरजेत उभं राहून हिंदीत. “सांस लीजिए. सांस रोकिए.” चाळीस वर्षं ज्यानं दम थांबवला नाही त्याला म्हणे दम रोखा. तेवढ्यात औषध सुटलं. हाताच्या शिरेतून ऊन ऊन काहीतरी वर चढलं, गळ्यात आलं, कानात आलं, आणि मग खाली असं उतरलं की मी मनातल्या मनात धोतराची आशा सोडली. माझ्या कपाळावर त्या वेळी कुणी भजी सोडली असती तर तळून निघाली असती. फळी कड्यात गेली, बाहेर आली, संपलं. हात लावून बघितलं. धोतर कोरडं. पोरगी खरं बोलली होती. त्या इमारतीत तेवढी एकच.

मग दार धाडकन उघडलं आणि डॉक्टर आत आले. कित्तुरे त्यांचं नाव. उंच, चिडका माणूस, पायांत स्लिपर.

“तोंडात काय आहे तुमच्या?”

“कुठं काय?”

“उजव्या गालात! धातू आहे. सगळ्या फोटोत चांदणी फुटल्यासारखे फटकारे आलेत. तोंड उघडा!”

मी तोंड उघडलं, आणि मग माझ्या ध्यानात आलं.

सनईची पत्ती ताडाच्या पानाची असते. ओली राहिली तर बोलते, वाळली की चिरते. म्हणून आम्ही वाजवणारे लोक कुठं जायचं झालं की घरातनं निघतानाच एक पत्ती गालात टाकतो. मला वाटलं होतं, डॉक्टर म्हणतील वाजवून दाखव, मग ऐनवेळी कोरडी नको. म्हणून पहाटेपासून ती गालात. पत्तीच्या बुडाला करंगळीच्या नखाएवढी पितळेची नळी असते. मी काही मुद्दाम लपवली नव्हती. तुमच्या तोंडात जीभ आहे हे तुमच्या ध्यानात असतं का? तसंच ते.

डॉक्टरनं चिमट्यानं पत्ती बाहेर काढली आणि उजेडात धरली. मास्तर आता दारात आलेच होते.

“पाहिलंत?” मास्तर म्हणाले. “मी तुम्हाला सकाळीच म्हणालो होतो. हा माणूस फोटोलासुद्धा थाप मारेल.”

“मी थाप न्हाई मारली!” मी ओरडलो. पण दात ट्रेमध्ये. ओरडलेलं सगळं फसफस करत बाहेर गेलं.

“फटकारे तोंडाच्या भागात आहेत,” डॉक्टर म्हणाले. “खालचा गळा स्वच्छ दिसतोय. औषधानं रक्तवाहिन्या उजळल्यात, मांसाची गाठ असती तर तीही उजळली असती. गाठ नाही. कुठंच काही नाही.”

“म्हणजे नॉर्मल?” मास्तरांनी खिशातून पेन काढलं.

“नॉर्मल.”

मालन दाराला टेकून उभी होती. तिचा चेहरा मी बघितला आणि माझ्या अंगात त्या औषधापेक्षा जास्त धग चढली. आयुष्यभर मी साप सांगितले, वाघ सांगितले, विहिरीतल्या सोन्याच्या मगरी सांगितल्या. लोकांनी हसत ऐकून घेतल्या. एकदा, फक्त एकदा, मी खरं सांगितलं, तर मला उपाशीपोटी ठेवून, दात काढून, सुई टोचून, हिंदीत दरडावून वर खोटा ठरवला.

“उठा आजोबा,” नसीम म्हणाली.

“न्हाई उठत.”

“बाहेर पाच पेशंट बसलेत,” डॉक्टर म्हणाले.

“बसू द्या. माझी गाठ वाजवल्याबिगर येत न्हाई. तुम्ही मला निजवलं, दम रोखा म्हणाला. दम रोखल्यावर ती कशाला येतीया? ती फुंकीत ऱ्हाती.”

“हे सीटी सेंटर आहे. लग्नाचा मांडव नाही.”

“मग नवरदेवाच्या कंकणासारखी हातात नळी बांधून निजवलाय कशाला मला?”

मास्तर म्हणाले, “डॉक्टरसाहेब, दोन शिपाई बोलवा आणि उचला ह्याला.”

तेव्हा नसीम मधे बोलली. खाली बघत बोलली, पण बोलली. “सर, माझे आजोबा इथंच गल्लीत तंबोरे करायचे. कुणी तंबोरा दुरुस्तीला आणला की ते आधी तार छेडून बघायचे. नुसतं लाकूड बघून तारेची गुंज, जवारी, कळत नाही म्हणायचे.”

 पत्ती डॉक्टरांच्या चिमट्यातच होती, ती त्यांनी दोनदा फिरवून बघितली. मग स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, “चिठ्ठीवर पेशंट वाजंत्री आहे हे कुणी लिहिलंय का? नाही लिहिलं! वय लिहिलं, वजन लिहिलं. हा माणूस काय करतो ते नाही लिहिलं. आणि आम्हीही विचारलं नाही.” मग माझ्याकडं वळून, “हवेला रंग लागत नाही, बाबा. औषध रक्तात जातं. तुमच्या गळ्यात जर हवेची पिशवी असेल, तर ती फुगेल तेव्हाच दिसेल, आणि दिसली तर काळी दिसेल. नसीम, उरलेलं औषध थोडं सोड. परत घेऊ.”

“सनई देऊ त्यांना?” मालननं पिशवीत हात घातला.

“सनई नाही! पितळेचं तोंड आहे तिला. नुसतं फुंका, ओठ मिटून.”

मी ओठ मिटून फुंकलं. गाल फुगले, गाठ काही आली नाही. तोंडानं फुंकणं आणि सूर धरणं ह्यांत फरक आहे. सूर पोटातनं येतो. शेवटी पत्तीची पितळी नळी काढून टाकली आणि नुसतं ताडाचं पान दोरा गुंडाळून माझ्या ओठांत दिलं. मास्तर म्हणाले, “मी साक्षीला आत बसणार.” डॉक्टर म्हणाले, “बसा, पण बोलू नका.” मग काचेच्या पलीकडं चौघं जण. डॉक्टर, नसीम, मास्तर आणि मालन.

मी सूर लावला.

अरे देवा, काय तो आवाज! आठ महिने मी कुणासमोर फुंकलं नव्हतं. पान आधीच बारीक, त्यात बोळकं तोंड, त्यात अर्धा दम वाटेतच गळ्याकडं वळणारा. फुटक्या भात्यातून हवा जावी तसा सूर. कापत होता, घसरत होता, मधेच घोगरत होता. पण तुटला नाही. नाकानं दम घेत, गालांनी सोडत मी तो लावून धरला, आणि हळूहळू डाव्या जबड्याखाली ती ओळखीची गाठ वर यायला लागली. मी मनात म्हणालो, ये बाई. आज तरी लाजू नकोस.

“सोडतेय औषध,” नसीमचा आवाज खोलीतल्या कर्ण्यातून आला. बोलायचं बटण तिनं दाबलं होतं आणि बोट तिथंच राहिलं. त्यामुळं पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

पहिला आवाज मास्तरांचा. “हा गुंडाप्पा वाजवतोय?”

“दुसरं कोण आहे आत?” डॉक्टर.

“नाही,” मास्तर म्हणाले. “हा तो सूर नव्हे.”

मी सूर आणखी घट्ट धरला.

“तीस वर्षं मी रोज पहाटे ऐकतोय. आज पहाटे निघायच्या आधीसुद्धा ऐकला. सरळ, रेघ ओढल्यासारखा. हा तर,” मास्तर थांबले. “आज पहाटे नगारखान्यात कोण होतं?”

 फळी सरकायला लागली. औषध गळ्यात येऊन पेटलं.

मला ओरडायचं होतं, गप बस मालू, एक अक्षर बोलू नकोस! न विचारता दुसरं माणूस बसवलं तर जागा गेली, हा रिवाज तिला माझ्याइतकाच पाठ होता. पण ओरडायचं तर सूर सोडायला हवा. सूर सोडला की गाठ बसणार, फोटो जाणार, आणि मी कायमचा खोटा. सूर नाही सोडला तर ती बोलणार. चाळीस वर्षांत सूर सोडायची इतकी इच्छा मला कधी झाली नव्हती. पान ओठांत, कपाळाला पट्टा, डोळ्यांतून पाणी. मी धरून राहिलो.

“मी होते,” मालन म्हणाली.

“तू?”

“आज मीच होते. काल मीच होते. आठ महिने झाले. आबांना जमत न्हाई म्हटल्यावर मी अंधारात वर चढते, आबा शेजारी बसतात, केरबाकाका कुणाला बोलत न्हाईत, आन् आरती झाली की मी मागच्या जिन्यानं उतरून डेअरीला जाते. वर मान करून बघितलंय कुणी कधी? न्हाई बघितलं.”

आणि तेवढ्यात डॉक्टर ओरडले, “आली! हे बघा, हे बघा, आली की!”

मला नंतर त्यांनी पडद्यावर दाखवली. दोन्ही बाजूंना पांढऱ्या झळझळीत शिरा, दिवाळीतल्या पणत्यांसारख्या, आणि डावीकडं स्वरयंत्राच्या बाजूनं बाहेर आलेला एक काळाभोर गोळा. लिंबाएवढा. गावात सांगताना मी नारळाएवढा सांगतो, पण तुम्हाला म्हणून लिंबू. डॉक्टरनी त्याचं नाव सांगितलं. लॅरिंगोसील. म्हणाले, वर्षानुवर्षं जोरानं फुंकणाऱ्यांना होतं, ऑपरेशन करून काढता येईल, पण वाजवणं बंद. रिपोर्टमध्ये त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ जादा लिहिली: सूर धरला असताना घेतलेली प्रतिमा.

म्हणजे मी खरा ठरलो. आणि त्याच मिनिटाला माझी जागा गेली.

बाहेरच्या बाकावर मास्तर ताठ बसले होते.  “आठ महिने! देवाच्या दारात लबाडी! देवाला फसवलंस तू, गुंडाप्पा.”

मला दात घालायचंही भान राहिलं नाही. ट्रे मांडीवर घेऊन मी तसाच बोललो. आयुष्यातलं सगळ्यात खरं भाषण मी बोळक्या तोंडानं केलं, त्यामुळं त्यातले निम्मे शब्द त्यांना कळलेच नसतील.

“देवाला कसा फसवीन? देवासमोर सूर पडला न्हाई एक दिवस. पडला असता तर ती फसवणूक. फसला तुम्ही!”

“कमिटीला कळवावं लागेल. जागा रद्द.”

“कळवा की,” मालन म्हणाली. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. डेअरीत दुधात पाणी घालून आणणाऱ्याकडं बघते तशी बघत होती. “सगळं कळवा. श्रावणातल्या मीटिंगला मी कचेरीबाहेर किटल्या घेऊन उभी होते. तुम्ही आत म्हणालात, ‘अलीकडे सूर फार उजळलाय, सेवा उत्तम चालली आहे.’ वहीत तसं लिहिलंतसुद्धा. त्याच्या पुढच्या महिन्यात परत लिहिलंत. त्याच्या पुढच्याही. तेही वाचून दाखवा मीटिंगमध्ये. आन् सांगा, हे मी बाईमाणसाबद्दल लिहीत होतो.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

मास्तर परतीच्या एसटीत पुढच्या बाकावर एकटे बसले. रिपोर्टाचं पाकीट मांडीवर, त्यावर दोन्ही हात. अर्ध्या वाटेत मला वाटलं, झोपले. पण त्यांची बोटं पाकिटावर हलत होती, संथ, एका लयीत. ती पहाटेच्या चौघड्याची लय होती.

गावात उतरल्यावर ते म्हणाले, “उद्या पहाटे वेळेवर.” म्हणाले मालनला, पण बघितलं माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिन्यावर छत्रीची टकटक ऐकू आली. मास्तर नगारखान्यात वर आले. तीस वर्षांत पहिल्यांदा. दारातच बसले. मालननं सूर लावला, केरबानं भूपाळी धरली. मास्तर आरती होईपर्यंत हलले नाहीत, गाभाऱ्यातली पूजा त्या दिवशी पुजाऱ्यानं एकट्यानं केली. जाताना त्यांनी मालनला विचारलं, “दम कुठून घेतेस?” ती म्हणाली, “नाकानं.” त्यांनी मान हलवली आणि उतरले. खोकं आठवड्याभरात कोल्हापूरला परत गेलं.

इथं गोष्ट संपवली असती तर तुम्ही मास्तरांना चांगलं म्हणत घरी गेला असता. म्हणूनच संपवत नाही.

आठ महिन्यांची गोष्ट मास्तरांनी काढलीच नाही; रिपोर्ट बघून कमिटीनं मालनला बसवलं, पण गावात बोभाटा नको म्हणून सेवेकऱ्यांच्या यादीत नाव बदललं नाही. मी म्हटलं, असू दे, कागद आहे, कोण वाचतंय. माझं ऑपरेशन झालं, मी बरा झालो, वाजवणं कायमचं सुटलं. मग देवळाचा जीर्णोद्धार झाला. नवी फरशी, नवा कळस, आणि नगारखान्याच्या खाली, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी हातभर उंच अक्षरांची पाटी. चौघडा सेवा. सनई, केरबा. सूर, गुंडाप्पा.

मी कमिटीत गेलो. मास्तर आता थकले होते, कानाला यंत्र. म्हणाले, “गुंडाप्पा, तुझंच तर नाव आहे. तुला राग कसला?”

राग कसला! मी जन्मभर थापा मारल्या. पारावर मारल्या, चहाच्या टपरीवर मारल्या, लग्नाच्या पंगतीत मारल्या. पण त्या हवेत सोडल्या, घटकाभरात विरून गेल्या. देवळाच्या भिंतीवर मी एकही लिहिली नाही. आणि ह्या शहाण्या लोकांनी गावातल्या सगळ्यात मोठ्या थापेखाली माझं नाव रंगवलं! मला लबाड म्हणणाऱ्यांनी! माझ्या गळ्यातली खरी गाठ दिसावी म्हणून पोरीनं आपली जागा पणाला लावली, आणि तिचा सूर मात्र अजून कुणाला दिसायला तयार नाही. मिरजेच्या यंत्रालासुद्धा एकदा सांगितल्यावर कळलं होतं.

मालन म्हणते, “जाऊ दे की आबा. सूर तर पडत न्हाई ना.” तिचे केस पांढरे झाले. अजून अंधारात वर चढते, रेघ ओढल्यासारखा सूर लावते, आणि खाली माझ्या नावाला लोक हात जोडून जातात.

मी जाऊ देत नाही. दुपारी देऊळ मोकळं असतं. मी स्टूल घेऊन जातो, वर चढतो, आणि खिळ्यानं ‘गुंडाप्पा’ खरवडतो. ते परत रंगवतात. मी परत खरवडतो. ह्या ऐंशी वर्षांच्या हातांनी आजवर वीसदा खरवडलंय.

बरं, चारदा. पण चारदा खरंच.